सेल्फचा आवाज

हँडल मारून गाडी चालू करायचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना सेल्फची किंमत सांगावी लागत नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनालाही हँडलच असायचं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही, हे बाप पोराला आधी शिकवायचा. इंजिनानं उलटा झटका दिला की मनगट गेलंच म्हणून समजा. आमच्या शिवारात अशी वाकडी बसलेली मनगटं दोन-तीन तरी होती.

यातून सुटका केली अमेरिकेतल्या ओहायोच्या चार्ल्स केटरिंगनं. त्यानं आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटार बसवली होती. तिला क्षणभरच जोर लावायचा असतो, म्हणून ती लहान असली तरी भागतं. इंजिनाचंही तसंच, एकदा ते पेटलं की मोटारीचं काम संपलं. 1912 च्या कॅडिलॅक गाडीत सेल्फ बसूनच आला. पुढं व्हिन्सेंट बेंडिक्सच्या नावाची जोडणी आली. मोटार फिरली की लहान गिअर सरकून फ्लायव्हीलच्या दातांत जायचा, इंजिन चालू झालं की मागं यायचा. आता त्याला सोलेनॉइड ढकलतं, पण गॅरेजमधली पोरं त्या गिअरला अजून 'बेंडिक्स'च म्हणतात. ते माणसाचं आडनाव आहे हे कुणाला ठाऊक!

माझी पिकअप वीस वर्षांची. पहाटे टोमॅटोचे क्रेट भरून निघावं, तर किल्ली फिरवली की एखाद्या दिवशी नुसतंच घर्रर्र. लिलाव काही आपल्यासाठी थांबत नाही. एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "काका, सेल्फ नवा टाका." म्हटलं, आधी आवाज तर ऐक बाबा. टकटकटक झालं तर बॅटरी उतरलेली, नाहीतर टर्मिनलवर पांढरं साचलेलं. एकच टक् होऊन गप्प झाला तर वायरी आणि सोलेनॉइड बघायचं. नुसतं सूंऽऽ झालं तर सेल्फ रिकामा फिरतोय, बेंडिक्स पकडत नाही. आणि घर्रर्र म्हंजे दातावर दात.

पण माझा घर्रर्र रोज नव्हता, तिथंच मेख होती. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक ठरावीक दोन जागीच थांबतं. म्हणून फ्लायव्हीलच्या रिंगचे दात तेवढ्याच जागी झिजतात. किल्ली बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकली, दोघांनी जरा पुढं ढकलली, गिअर काढून सेल्फ मारला. लगेच चालू!

मग गिअरबॉक्स उतरवून रिंग बदलली. नवी रिंग तापवून चढवतात, गार झाली की ती आवळून बसते. लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचा ना, अगदी तस्सं. सेल्फ अजून जुनाच आहे.