डिस्चार्जचा कागद

मुंबईकर चिडला की 'ह्याला ठाण्याला पाठवा' म्हणतो, पुणेकर येरवड्याचे नाव घेतो. थट्टा सगळी पाठवण्याची. परत आणण्याची थट्टासुद्धा आपल्याकडे नाही. सरकारी मनोरुग्णालयांच्या कागदांचा इतिहासही याहून फार वेगळा नाही. आत कोणी आणि कोणाच्या सहीने यायचे, यावर आपल्याकडे चार कायदे झाले. बरा झालेला माणूस कुठे जाणार, याचा विचार करायला मात्र चौथा कायदा यावा लागला.

पहिला कायदा १८५८ चा, कंपनी सरकार गेले त्याच वर्षीचा. रस्त्यात कोणी वेडसर भटकताना दिसला तर पोलिसाने त्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, मॅजिस्ट्रेटने डॉक्टरच्या मदतीने तपासायचे आणि हुकूम काढायचा, अशी त्यातली रीत. घरचे कोणी सांभाळायला तयार असले तर मुचलका लिहून घेऊन माणूस त्यांच्या हवाली करता येई. आतल्या माणसाला सोडायचा अधिकार होता तो बाहेरून पाहणीला येणाऱ्या तीन व्हिजिटरांना. या व्हिजिटरांत तुरुंगांचा निरीक्षक पदसिद्ध असे. रोगी आणि कैदी हे एकाच साहेबाच्या दौऱ्यातले विषय होते, यातच त्या काळाची दृष्टी आली. नागपूरचे रुग्णालय १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. येरवडा त्यानंतरचे. तिथे शेजारी मध्यवर्ती तुरुंग आधीच उभा होता.

१९१२ च्या कायद्याने कागद पक्का केला. नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रे आणि मॅजिस्ट्रेटची 'रिसेप्शन ऑर्डर'. गंमत म्हणजे आपणहून भरती होण्याची सोयही याच कायद्यात होती. दोन व्हिजिटरांची संमती मिळाली तर माणूस स्वतःच्या इच्छेने राहू शकत होता, आणि लेखी कळवल्यावर चोवीस तासांच्या वर त्याला अडकवता येत नव्हते. पण जिथे जाणे म्हणजे कोर्टाची पायरी चढणे आणि घराण्याच्या नावाला बट्टा, तिथे पाय ठेवायला स्वखुशीने कोण येणार? ही उदार कलमे बहुतेक कागदावरच राहिली असणार.

स्वातंत्र्याच्या तोंडावर देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीसाठी रांचीच्या रुग्णालयाचे कर्नल मूर टेलर देशभर फिरले. सगळ्या हिंदुस्थानात त्यांना १९ मनोरुग्णालये आणि १०,१८१ खाटा सापडल्या. बहुतेक इमारती माणूस बरा करायला नव्हे, सुरक्षित कोंडून ठेवायला बांधल्या आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. सरकारी अहवालात इतके सरळ वाक्य क्वचित सापडते.

मग १९५२ नंतर क्लोरप्रोमाझीन हे मनोविकारांवरचे औषध आले आणि पहिल्यांदाच वर्षांची भरती आठवड्यांवर येण्याची शक्यता दिसू लागली. त्याच दशकात अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी एक साधी पण धाडसी गोष्ट केली. रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णाबरोबर राहायला बोलावले. घरच्यांनी आजार डोळ्यांनी पाहिला, औषध कसे द्यायचे ते शिकले, आणि बरे होताच माणसाला घेऊन गेले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी कल्पना हीच, आणि ती कुठल्याही कायद्यातून आलेली नव्हती.

इकडे कायदा आपल्या गतीने चालला. १९८७ चा कायदा लागू व्हायला १९९३ उजाडले. त्याच वर्षी मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा ठरवले. तोवर ते चालूच होते!

२०१७ च्या कायद्याने मॅजिस्ट्रेटची जागा बऱ्याच अंशी पुनरावलोकन मंडळाला दिली. आपणहून आलेला रुग्ण आपणहून जाऊ शकतो. ज्याला फार मदतीची गरज आहे त्याची भरती दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, आधी तीस दिवसांपुरती. साखळी नाही, सक्तीने डोके भादरायचे नाही, स्वतःचे कपडे घालायचे असतील तर गणवेशाची सक्ती नाही, काम करून घेतले तर मोबदला द्यायचा. शेवटच्या चार गोष्टी कायद्यात लिहाव्या लागल्या, यावरून आधी काय चालत होते ते समजावे. आणि कलम १९ म्हणते की केवळ घरच्यांनी टाकले म्हणून कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. अशांसाठी सरकारने रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या टप्प्याची निवासस्थाने ('हाफवे होम') उभारायची.

कागदावर प्रश्न सुटला. महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत मंजूर खाटा आहेत ५,६९५; त्यांतल्या २,५४० एकट्या येरवड्यात. प्रत्यक्षात मात्र २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावे लागले की बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहात हलवणे थांबवा. निवासस्थाने नव्हती, म्हणून हा तोडगा. शासनाला दोष द्यावा तितका थोडाच आहे.

पण सगळा दोष शासनाचा नाही. भरतीच्या वेळी लिहून दिलेल्या पत्त्यावर सोशल वर्कर पोचतो तेव्हा खोली विकलेली असते, नंबर बंद असतो, किंवा पत्ता मुळातच खोटा असतो. मोठा भाऊ वारलेला, वहिनी ओळख दाखवत नाही, जमिनीच्या सातबाऱ्यावरून नाव उतरलेले. गोळ्या चालू असताना शांतपणे जगू शकणारी बाई मग वॉर्डातच म्हातारी होते. कर्जतच्या श्रद्धा संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून त्यांच्या गावी पोचवण्याच्या कामासाठी. त्यांचा अनुभव असा की घर सापडले तर बहुतेक घरे दार उघडतात.

तेव्हा आपल्या नात्यातले कोणी या चारपैकी एखाद्या रुग्णालयात असेल आणि दरम्यान आपण घर किंवा फोन बदलला असेल, तर नवा पत्ता तिथल्या समाजसेवा अधीक्षकांकडे नोंदवून या. माणूस आज घरी आणता येत नसेल, तरी पत्ता खरा द्या.