अल्सरचा हिशेब

मी कॉलेजात होतो तेव्हा अब्बांच्या खिशात कायम अल्सरच्या गोळ्या असत. गोळी बंद केली की दुखणं परत येई. ‘काळजी आणि तिखट सोडा,’ असं जो तो सांगे. अम्मीनं कालवणातला मसालाच काढून टाकला.

१९७६ साली ब्रिटनमध्ये सिमेटिडिन हे औषध आलं. त्यानं आम्ल कमी होई, अल्सर भरून येई. पण औषध थांबलं की बहुधा पुन्हा होई. १९८२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना जठरातला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवता आला. १९८४मध्ये मार्शल तो स्वतः प्याले आणि त्यांच्या जठराला सूज आली. बहुतेक अल्सरचं मूळ हा जंतू होता. तो मारला की दुखणं सहसा परतत नसे.

१९९५मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासानं दर रुग्णामागे १५ वर्षांचा खर्च मांडला : रोजच्या गोळ्या ११,१८६ डॉलर, शस्त्रक्रिया १७,६६१, प्रतिजैविकं फक्त ९९५! २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

अब्बा त्याआधीच गेले होते. अम्मीला हे सांगितलं, तेव्हा ती इतकंच म्हणाली, ‘म्हणजे माझ्या मसाल्याचा दोष नव्हता!’