माणसाची कथा आणि आपली नियतकालिके

मराठी ख्रिस्ती नियतकालिकांची परंपरा १८४२ साली अहमदनगर येथे निघालेल्या 'ज्ञानोदया'पर्यंत मागे जाते. आपल्या कॅथलिक समाजात १९०३ साली जर्मन येशूसंघीय मिशनरी फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' सुरू केला; पुढे वसईत 'सुवार्ता' निघाले. श्रद्धेचे शिक्षण देणे हे या पत्रांचे रास्त प्रयोजन होते. परंतु ती श्रद्धा स्वीकारताना माणसाच्या घरात आणि मनात काय उलथापालथ होते, हे सर्वांत प्रांजळपणे सांगितले ते कोणा धर्मपंडिताने नव्हे, तर शाळेत न गेलेल्या एका गृहिणीने.

लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. जन्म १८६८ चा, माहेर कडक सोवळ्याचे. १८९५ साली पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी पतीचा लहरीपणा लपविला नाही आणि स्वतःचा रागही नाही. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे. पण सर्व धर्मांच्या वाचकांनी ते पुस्तक आपले मानले. कारण त्यात मतप्रचारापेक्षा माणूस मोठा आहे.

यात आपल्या श्रद्धेला परके असे काही नाही. प्रभू येशूने स्वर्गराज्य समजाविले ते हरवलेले नाणे शोधणाऱ्या बाईच्या आणि रुसलेल्या थोरल्या भावाच्या गोष्टींतून. माणसांची सुखदुःखे ही ख्रिस्तानुयायांचीही सुखदुःखे आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकविले. 'सुवार्ते'चे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मग्रामाच्या पत्रातून निघालेली वाट मराठीच्या महाद्वारापर्यंत पोहोचते, हे त्यावरून दिसते.

नाशिक धर्मप्रांत १९८७ साली स्थापन झाला. पण नाशिक रोडची ख्रिस्ती कुटुंबे त्याहून जुनी आहेत. कोणी रेल्वेत, कोणी नोटांच्या छापखान्यात राबले. कोणी नगरकडची कोरडवाहू शेती मागे टाकून आले. नोंदवह्यांत त्यांचे स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू सापडतात. मधले आयुष्य सापडत नाही. ते सांगू शकणारी पिढी आता थकली आहे. म्हणून आम्ही वाचकांस विनवितो : आजीजवळ बसा, ऐका आणि लिहून पाठवा. शुद्धलेखनाची चिंता संपादकांवर सोडा. प्रसंग मात्र खरा असावा, आणि त्यातील माणूस आहे तसा असावा.