वापरलेली आयात ट्विन-टर्बो सेडान (महाराष्ट्रातील खरेदी)

वापरलेली आयात ट्विन-टर्बो सेडान म्हणजे परदेशात पूर्णतः बांधून भारतात आणलेली, दोन टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाची आणि पहिल्या मालकाकडून पुढे विकली जाणारी चार दारांची वेगवान मोटार. बीएमडब्ल्यू एम३ व एम५ आणि मर्सिडीज-एएमजी सी ६३ एस व ई ६३ ही या गटातील भारतात परिचित नावे आहेत. अशा मोटारींचे मूल्य पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते. त्यामुळे नव्या मध्यम आकाराच्या मोटारीच्या किमतीत त्या हाती येऊ शकतात. परंतु त्यांचा कर, सुटे भाग व दुरुस्ती यांचा खर्च मूळ किमतीच्याच प्रमाणात राहतो. महाराष्ट्रात या व्यवहारात मोटारीच्या अवस्थेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व तिच्या कागदपत्रांना आहे.

रचना व नामकरण

टर्बोचार्जर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात अधिक हवा दाबून भरतो. दोन टर्बो तीन प्रकारे जोडले जातात. समांतर रचनेत प्रत्येक टर्बो निम्म्या सिलिंडरांचे काम पाहतो. क्रमिक रचनेत कमी फेऱ्यांवर एक व अधिक फेऱ्यांवर दोन्ही टर्बो काम करतात. १९९० च्या दशकातील टोयोटा अॅरिस्टो आणि सुबारू लेगसी या जपानी सेडान या प्रकारच्या होत. तिसऱ्या प्रकारात एका टर्बोने दाबलेली हवा दुसरा आणखी दाबतो. ही पद्धत मुख्यतः डिझेल इंजिनांत आढळते.

जाहिरातीतील नावावरून टर्बोंची संख्या ठरवता येत नाही. बीएमडब्ल्यूच्या ‘ट्विनपॉवर टर्बो’ या नावाखाली एकच टर्बो पण दोन वायुमार्ग असलेली इंजिनेही विकली गेली आहेत. चेन्नईत जुळवणी होणारी एम३४०आय ही त्यांपैकी एक असून ती ट्विन-टर्बोही नाही व पूर्ण आयातही नाही. याउलट २०१४ मध्ये भारतात आलेल्या एम३ मध्ये (अंतर्गत क्रमांक एफ८०) २,९७९ घन सेंमी क्षमतेच्या सहा सिलिंडरी इंजिनावर खरोखरच दोन टर्बो आहेत. एम५ (एफ१०) चे ४,३९५ घन सेंमी आठ सिलिंडरी इंजिन व सी ६३ एस चे ३,९८२ घन सेंमी इंजिन यांत दोन्ही टर्बो सिलिंडरांच्या ‘व्ही’ आकाराच्या खाचेत बसवलेले आहेत. त्यामुळे वायूंचा मार्ग आखूड होऊन प्रतिसाद जलद मिळतो. मात्र सर्व उष्णता इंजिनाच्या मध्यभागी साठते आणि भोवतालच्या रबरी नळ्या, सील व वायरी लवकर कडक होतात.

आयातीचे नियम

परदेशात वापरलेली मोटार भारतात आणण्यावर कडक बंधने आहेत. परकीय व्यापार धोरणानुसार ती निर्मितीपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, उजव्या बाजूच्या सुकाणूची असावी, तिचा वेगमापक किलोमीटरमध्ये असावा आणि ती केवळ मुंबई बंदरातूनच यावी, अशा अटी आहेत. २०१३ च्या अर्थसंकल्पात महागड्या नव्या मोटारींवरील सीमाशुल्क ७५ वरून १०० टक्के व वापरलेल्या मोटारींवरील १०० वरून १२५ टक्के करण्यात आले. त्यामुळे जपानमध्ये स्वस्तात मिळणारी जुनी ट्विन-टर्बो सेडान भारतात कायदेशीरपणे आणणे जवळजवळ अशक्य आहे. भारतातील बाजारात येणाऱ्या बहुतेक मोटारी येथेच नव्या विकल्या गेलेल्या असतात. या शुल्काच्या ओझ्याची महाराष्ट्राला झालेली ठळक ओळख म्हणजे सचिन तेंडुलकर यांना भेट मिळालेल्या फेरारी ३६० मोडेना मोटारीवरील सुमारे १.१३ कोटी रुपयांच्या शुल्कमाफीचा २००३ मधील वाद.

शुल्क चुकवून आणलेल्या मोटारी हा खरेदीदारापुढील सर्वांत मोठा धोका आहे. राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावे शुल्कमुक्त मोटारी आणून त्या खासगी व्यक्तींना विकण्याचा प्रकार महसूल गुप्तचर संचालनालयाने २०२१ मध्ये ‘मॉन्टे कार्लो’ मोहिमेत उघड केला. सप्टेंबर २०२५ मध्ये कोची येथील सीमाशुल्क विभागाने भूतानमार्गे आलेल्या मोटारींविरुद्ध ‘नुमखोर’ मोहीम राबवली. एका पोर्शे कॅरेरा मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये असे ठरवले की, नंतरचा खरेदीदार हा ‘आयातदार’ नसल्याने चुकवलेले शुल्क त्याच्याकडून मागता येत नाही. हा दिलासा शुल्काच्या मागणीपुरता आहे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ खाली मोटार जप्त होऊ शकते आणि ती सोडवून आणण्याची यातायात ज्याच्या ताब्यात ती सापडली त्यालाच करावी लागते. म्हणून आयातीच्या वेळचे ‘बिल ऑफ एंट्री’ किंवा अधिकृत विक्रेत्याचे मूळ बीजक पाहिल्याशिवाय बयाणा देणे शहाणपणाचे नाही.

नोंदणी व हस्तांतरण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार विक्रेत्याने राज्यांतर्गत विक्रीची माहिती १४ दिवसांत व खरेदीदाराने हस्तांतरणाचा अर्ज ३० दिवसांत द्यावयाचा असतो. त्यासाठी नमुना २९ व ३० वापरतात. कर्जाचा बोजा असल्यास वित्तसंस्थेच्या सहीचा नमुना ३५ लागतो. नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ मधील निर्णय आहे. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर येते. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन मोटार वर्षानुवर्षे फिरवण्याची प्रथा त्यामुळे दोन्ही पक्षांना घातक आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या मोटारींच्या विक्रेत्यांना प्राधिकारपत्र घेणे आवश्यक असून मोटार त्यांच्या ताब्यात असेपर्यंत तेच मानीव मालक ठरतात.

परराज्यातील मोटार

गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. जिल्ह्याच्या सीमा मध्य प्रदेश व छत्तीसगड या दोन्ही राज्यांना भिडतात आणि गोंदिया शहरालगतच्या फुलचूर येथील खरेदीदाराला रायपूरची बाजारपेठ पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडते. परंतु ‘सीजी-०४’ क्रमांकाची मोटार ‘एमएच-३५’ करून घेण्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना २८), नव्या क्रमांकाचा अर्ज (नमुना २७) आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर लागतो. परराज्याचा क्रमांक कायद्याने १२ महिन्यांपर्यंतच ठेवता येतो.

महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल मोटारीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के कर असताना आयात मोटारीला २० टक्के कर आहे. कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली. परराज्यातून आलेल्या मोटारीला वयानुसार सूट मिळते, पण आकारणीचा पाया मूळ किंमत हाच असतो, सौद्याची किंमत नव्हे. सव्वा कोटीची मोटार तीस लाखांत घेणाऱ्याला हा फरक कार्यालयाच्या खिडकीवर कळतो. पुदुच्चेरीत कमी कर भरून नोंदवलेल्या आणि प्रत्यक्षात अन्य राज्यांत फिरणाऱ्या ‘पीवाय’ क्रमांकाच्या मोटारींवर २०१७ मध्ये केरळने कारवाई केली. तशी मोटार स्वस्त दिसते, कारण न भरलेला कर पुढच्या मालकासाठी शिल्लक असतो.

यांत्रिक तपासणी

तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करावी; विक्रेत्याने मोटार आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. सुरू होताना निळसर धूर दिसल्यास टर्बोचे किंवा झडपांचे सील झिजल्याची शंका येते. गोडसर वासाचा पांढरा धूर शीतक द्रव सिलिंडरमध्ये जात असल्याचे सुचवतो. वेग घेताना शिट्टीसारखा वाढता आवाज व कमी ओढ ही दाबाखालील हवा गळत असल्याची लक्षणे आहेत. निदान यंत्र जोडून अपेक्षित व प्रत्यक्ष दाब ताडून पाहता येतो. दोष-नोंदी नुकत्याच पुसलेल्या असतील तर तेही त्यात दिसते, आणि ते एखाद्या दोषापेक्षा अधिक बोलके असते. थेट इंधन फवारणीच्या इंजिनांत आत येणाऱ्या हवेच्या झडपांवर काजळी साठते. सिलिंडरांच्या भिंती दुर्बिणीने पाहणे व दाबगळती चाचणी करणे यांचा खर्च इंजिन उतरवण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे.

संगणक-प्रणालीत फेरफार करून शक्ती वाढवलेली मोटार ओळखणे कठीण असते, कारण विक्रीपूर्वी मूळ प्रणाली परत भरता येते. टर्बो, क्लच व गिअरबॉक्स यांच्यावर पडलेला ताण मात्र परत जात नाही. वायुनिःसारणातील उत्प्रेरक काढून टाकणे किंवा मूळ रचनेत बदल करणे कलम ५२ च्या विरुद्ध असून त्याचा दंड विद्यमान मालकाला होतो. टायरच्या बाजूवरील चार अंक (आठवडा व वर्ष) पाहिल्यास कमी फिरलेल्या मोटारीचे टायर केवळ वयानेच निकामी झालेले आढळतात.

इंधन व देखभाल

या इंजिनांसाठी निर्माते ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेनचे पेट्रोल सुचवतात. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता देशभर विकले जाते. त्यापूर्वीच्या मोटारींच्या मालकांनी इंधनाच्या टाकीच्या झाकणावरील मर्यादा वाचणे आवश्यक आहे. पूर्व विदर्भात उन्हाळी तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा विरळ असल्याने शक्ती घटते आणि शीतक पंप, पंखे व इंटरकूलर यांची कसोटी लागते. म्हणून फुलचूरसारख्या ठिकाणी वापरायची मोटार शक्यतो मे महिन्यात चालवून पाहावी. बंद पडलेली मोटार नागपुरात न्यायची झाल्यास सपाट वाहकावरूनच न्यावी लागते. रेल्वेमार्गाने हे अंतर सुमारे १३० किमी आहे.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क साध्या मोटारीला ५,००० रुपये, तर आयात मोटारीला ४०,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ मधील बदलानुसार २० वर्षांपेक्षा जुन्या आयात मोटारीसाठी ते ८०,००० रुपये झाले.