एका समारंभांतील तिघे

भिवंडींत मागावर बसणाऱ्या विणकरास त्याचें गांव विचारलें, तर तो खेड्याचें किंवा तालुक्याचें नांव सहसा आधीं सांगत नाहीं. ‘मुलूख’ एवढेंच म्हणतो. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतील कित्येक विणकर कुटुंबें ह्या शहरीं येऊन राहिलीं व पुढेंहि येत गेलीं. आपल्या गांवीं असतांना गांवाला मुलूख म्हणण्याचा प्रसंग कोणावर येत नाहीं. घर सुटतें तेव्हांच त्याला हें नवें नांव मिळतें, आणि नांवाबरोबर त्याचें रूपहि पालटतें. ह्याच शहरांतील कोंकणी मुसलमानांच्या घरांतून पुढें आखाती देशांकडे माणसें गेलीं. त्यांच्या डोळ्यांपुढें मग भिवंडी हीच मुलूख होऊन बसली. परंतु दूर गेल्यावर स्वदेश कसा दिसतो, ह्याचा मराठींतला सर्वांत बोलका दाखला भिवंडीच्या पेठेंत सांपडत नाहीं. त्यासाठीं खाडी ओलांडून कल्याणास जावें लागतें.

ही वाट कोन गांवावरून जाते. कोनच्या तीरावर उभें राहिलें, कीं पलीकडे दुर्गाडीचा किल्ला दिसतो. १८५४ सालीं आगगाडी ठाण्याहून कल्याणास आली आणि भिवंडी एका अंगाला राहिली. ज्या कल्याणास अशी दूरदेशाची वाट फुटली, तेथेंच जोशांच्या घरीं यमुना नांवाची एक मुलगी वाढली. तिचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं पुण्यास आजोळीं झाला, पण बाळपण कल्याणचें. १८७४ सालीं, वयाच्या नवव्या वर्षीं, टपाल खात्यांतील गोपाळराव जोशी ह्या बिजवराशीं तिचा विवाह झाला व ती आनंदीबाई झाली. नवरा तिच्याहून सुमारें वीस वर्षांनीं वडील. बायकोला शिकवूं द्यावें ही त्यांची अट होती, आणि ती त्यांनीं इतक्या कठोरपणें पाळली, कीं शिकणारीचे हाल झाले. चौदाव्या वर्षीं तिला मुलगा झाला. तो दहा दिवसांचा होऊन वारला. स्त्रियांना स्त्री वैद्य हवी हा विचार तिच्या मनांत पक्का झाला, तो ह्या दुःखांतून.

गोपाळरावांना त्या काळीं आपल्या समाजाचा मनस्वी तिटकारा होता. अलीबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत गेल्या, आणि जेथें जेथें हें जोडपें गेलें तेथें तेथें लोकांनीं त्यांची चेष्टा केली. पुस्तकें घेऊन रस्त्यानें जाणारी बाई पाहून लोक हंसत, टोमणे मारीत, कोणी खडेहि फेंकीत. गोपाळरावांनीं कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र घातलें. पत्नीस तिकडे शिक्षण मिळावें एवढीच त्यांची मागणी होती. उत्तरांत ख्रिस्ती होण्याचा उपदेश आला. तो पत्रव्यवहार प्रिन्स्टन येथील एका मिशनरी मासिकांत छापला गेला आणि न्यू जर्सी संस्थानांतील रोसेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर ह्यांनीं तो एका दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असतां वाचला. त्यांनीं आपण होऊन पत्र धाडलें, आणि ह्या घराचें दार हिंदुस्थानांतल्या एका अनोळखी मुलीसाठीं उघडलें.

१८८३ च्या फेब्रुवारींत आनंदीबाईंनीं सेरामपूरच्या कॉलेजांत इंग्रजींतून भाषण केलें. अमेरिकेस कां जावयाचें, एकटीनें कां जावयाचें, जातीनें बहिष्कार घातला तर काय, अशा प्रश्नांना त्यांनीं एकेक करून उत्तरें दिलीं. रस्त्यावरच्या छळाची हकीगत त्यांनीं तेथें उघड सांगितली, आणि त्याच भाषणांत हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असेंहि सांगितलें. ऐकणारे स्वदेशांतलेच होते. म्हणून घरचें दुःख घरच्यांपुढें मांडण्यांत त्यांना संकोच वाटला नसावा. ७ एप्रिल रोजीं त्या कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या व ४ जून रोजीं न्यूयॉर्कला पोंचल्या. वय अठरा; बरोबर नवरा नाहीं, नातलग नाहीं.

पुढें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत त्यांचें शिक्षण सुरू झालें. तेथें जपानची केई ओकामी व सीरियाची साबात इस्लामबूली ह्याहि शिकत होत्या. १८८५ सालचें ह्या तिघींचें, आपापल्या देशाच्या पोशाखांतलें छायाचित्र प्रसिद्धच आहे. अन्न शाकाहारी, तें स्वतः शिजवावयाचें. खोलींतली शेगडी धुरकट, आणि थंडी हाडांत शिरणारी. नऊवारी लुगडें त्या हवेंत पुरेना, तेव्हां त्यांनीं गुजराती पद्धतीनें साडी नेसावयास सुरुवात केली. एवढ्याशा बदलासाठींहि पत्रांतून नवऱ्याकडे खुलासा करावा लागे. ज्या माणसानें समाजाची पर्वा न करितां बायकोला समुद्रापलीकडे पाठविलें, तोच आतां ती आपली राहिली आहे कीं नाहीं ह्याची शंका घेऊं लागला होता.

घरीं ज्या समाजानें खडे मारिले, त्या समाजाविषयीं आनंदीबाई अमेरिकेंत कटु बोलत नसत. एकदां मिशनरी संस्थेच्या स्त्रियांपुढें बालविवाह ह्या विषयावर बोलण्याचा प्रसंग आला. कल्याणची ही मुलगी आतां आपल्या देशांतील दुष्ट चालीचें वर्णन करील अशी श्रोत्यांची अपेक्षा होती. तिनें बालविवाहाचा पक्ष घेतला. चौदाव्या वर्षीं ज्या आईच्या मांडीवर मूल गेलें, तिनें ज्या चालीमुळें हें घडलें तिचेंच समर्थन करावें, हें आज वाचतांना मन खिन्न होतें. हें समर्थन बरोबर होतें असें मुळींच म्हणतां येत नाहीं. परंतु तें समजूं शकतें. ज्या सभेंत आपला देश अज्ञानी व पापी ठरविण्यासाठींच लोक जमले आहेत, तेथें खरें बोलणें म्हणजे परक्याच्या कचेरींत आपल्याच आईविरुद्ध साक्ष देण्यासारखें त्यांना वाटलें असावें. पदवीसाठीं जो निबंध त्यांनीं लिहिला, त्याचा विषय प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. इतके विषय पुढें असतां हाच निवडावासा वाटला, ह्यांतहि तीच ओढ दिसते.

गोपाळरावांचें तर रूपच उलटें झालें. ते १८८५ सालीं अमेरिकेस पोंचले आणि जागोजाग व्याख्यानें देऊं लागले. व्याख्यानांचा विषय अमेरिकनांचे दोष! स्त्रियांचें स्वातंत्र्य, पाश्चात्त्यांची सुधारणा, मिशनऱ्यांचा उद्योग ह्या सर्वांवर त्यांनीं झोड उठविली. वर्तमानपत्रांना गंमत मिळाली. आनंदीबाईंना मात्र यजमानांपुढें अवघड झालें. कल्याणास व कोल्हापुरास असतांना ह्या गृहस्थांना आपल्या लोकांत एकहि गुण दिसत नसे. तेथें गेल्यावर दुसऱ्यांत दिसेना. मुळांत त्यांना भांडावयास कोणी तरी समोर हवा होता, आणि तो समोरचा पक्ष तेवढा बदलला, असें म्हटलें तर अन्याय होणार नाहीं.

ह्या दोघांना तिसरी जोड मिळाली ती पंडिता रमाबाईंची. रमाबाई आनंदीबाईंच्या दूरच्या आप्त. त्या १८८३ सालींच इंग्लंडला गेल्या व तेथें ख्रिस्ती झाल्या; पण शाकाहार सोडला नाहीं, आणि धर्मगुरूंच्या आज्ञा मुकाट्यानें मानण्याचेंहि त्यांनीं साफ नाकारलें. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठीं कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली ह्यांनीं त्यांना अमेरिकेस बोलाविलें. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियांत तो समारंभ झाला. पदवी घेणारी आनंदीबाई, प्रेक्षकांत गोपाळराव आणि रमाबाई. एकाच भाषेचे हे तिघे त्या दिवशीं आपल्या देशापासून सारख्याच अंतरावर होते, पण त्यांना दिसणारा देश एक नव्हता.

रमाबाई थोड्या दिवसांसाठीं म्हणून आल्या आणि अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. आनंदीबाईंनीं जें परक्यांपुढें झांकलें, तें रमाबाईंनीं गांवोगांव उघडें केलें. १८८७ सालीं त्यांनीं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. बालविधवेचें जिणें त्यांत लपविलें नाहीं. त्याच वर्षीं बोस्टनला त्यांच्या कार्यासाठीं मंडळ स्थापन झालें व हिंदुस्थानांतील विधवांच्या शाळेसाठीं पैसा जमला. घरची लाज वेशीवर टांगली, असा आरोप त्यांच्यावर झाला. त्या आरोपांत कांहींच अर्थ नव्हता असें नाहीं. परदेशीं वर्गणी मागणारास आपल्या देशाचें दुःखच पुढें करावें लागतें, आणि ऐकणारे तेवढेंच लक्षांत ठेवितात. तथापि ज्या विधवेचें केशवपन होत होतें, तिला देशाच्या अब्रूपेक्षां निवाऱ्याची गरज अधिक होती. शिवाय रमाबाईंची नजर एकाच बाजूला वळलेली नव्हती. १८८९ सालीं युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर त्यांनीं मराठींत ग्रंथ लिहिला. त्यांत अमेरिकन स्त्रियांच्या संघटनांची थोरवी आहे, तशीच काळ्या लोकांना व तेथील मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीची निंदाहि आहे. इंग्रजांचें राज्य झुगारून देऊन उभें राहिलेलें राष्ट्र पाहिल्यावर आपला देशहि सदैव परतंत्रच राहील असें त्यांना वाटेना. परक्यांना त्यांनीं घरचे दोष सांगितले. घरच्यांना मात्र परक्यांचे गुण व दोष दोन्ही सांगितले.

आनंदीबाईंना आपली दृष्टी पारखून पाहण्यास अवधि मिळाला नाहीं. कोल्हापूर संस्थानानें तेथील आल्बर्ट एडवर्ड इस्पितळाच्या स्त्री विभागावर त्यांची नेमणूक केली होती. १८८६ च्या नोव्हेंबरांत त्या मुंबईस उतरल्या, त्या क्षयानें पोंखरलेल्या. पूर्वी हंसणारा समाज आतां स्वागताला आला. केसरीकर टिळकांनीं कौतुकाच्या पत्रासह शंभर रुपये धाडले. कामावर रुजू होणें घडलेंच नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आधींच.

समारंभाला बरोबर तीन वर्षें झालीं त्या दिवशीं, म्हणजे ११ मार्च १८८९ रोजीं, रमाबाईंनीं मुंबईस शारदा सदन उघडलें. गोपाळराव पुण्यांत होते. १८९० च्या ऑक्टोबरांत त्यांनीं पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक आदि मंडळींना व्याख्यानाच्या निमित्तानें नेलें, तेथें चहा पुढें आला, आणि मग हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापून आलीं. प्रायश्चित्ताचें तें प्रकरण पुढें बराच काळ गाजलें. १८९१ सालीं गोपाळराव स्वतः ख्रिस्ती झाले व लवकरच परतहि आले.

आनंदीबाईंच्या अस्थी त्यांनीं श्रीमती कार्पेंटर ह्यांच्याकडे धाडल्या. न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथें कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमींत त्या पुरल्या असून, वर नांवाचा दगड आहे.