शुल्कसवलत-पात्रतेचा आढावा आणि भिवंडीचे कापड

शुल्कसवलत-पात्रतेचा आढावा : विकसनशील देशांच्या मालावर श्रीमंत देश कमी आयात शुल्क लावतात किंवा ते पूर्ण माफ करतात. ही सवलत एखाद्या देशाला, किंवा त्याच्या एखाद्या मालाला, पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरावीक काळाने अथवा कोणी तक्रार केल्यावर तपासले जाते, तो हा आढावा. या व्यवस्थेला जगभर जीएसपी म्हणतात आणि मराठी वृत्तपत्रांतही तेच नाव रुळले आहे. व्यापार करारात दोन्ही बाजू काही देतात व काही घेतात. जीएसपीत देणारा परतफेड मागत नाही, त्यामुळे दिलेले काढून घ्यायला त्याला कोणाची संमतीही लागत नाही. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर या विषयाच्या संदर्भात एका उलट्या कारणाने महत्त्वाचे आहे. या सवलतीचा थेट लाभ भिवंडीच्या कापडाला फारसा झालाच नाही. शेजारी देशांना ती मिळाल्याचा परिणाम मात्र त्याला भोगावा लागला.

कल्पनेचा उगम १९६४ च्या जिनिव्हा परिषदेत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचे पहिले महासचिव, अर्जेंटिनाचे अर्थशास्त्रज्ञ राऊल प्रेबिश यांनी गरीब देशांच्या तयार मालाला श्रीमंतांच्या बाजारात वाट मोकळी करून देण्याचा आग्रह धरला. त्याला औपचारिक रूप आले ते १९६८ मध्ये, परिषदेच्या नवी दिल्ली येथील दुसऱ्या अधिवेशनात. सवलत सर्वांसाठी असावी, परतफेडीची अट नसावी आणि देशादेशांत भेदभाव नसावा, ही तीन तत्त्वे दिल्लीत मान्य झाली. १९७१ मध्ये गॅट या तेव्हाच्या जागतिक व्यापारविषयक कराराखाली दहा वर्षांची मुभा मिळाली, त्याच वर्षी जुलैपासून युरोपीय आर्थिक समुदायाची योजना सुरू झाली आणि १ जानेवारी १९७६ पासून अमेरिकेची. १९७९ मध्ये ही मुभा कायमची झाली. तिसऱ्या तत्त्वाचा, म्हणजे भेदभाव न करण्याचा, अर्थ मात्र पुढे कोर्टकज्ज्यानेच लावावा लागला. त्यात फिर्यादी भारत होता.

भिवंडीचा माल कोणता, हे पाहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही. उत्तर प्रदेशातून स्थलांतरित झालेल्या मोमिन-अन्सारी विणकरांनी इथे हातमाग आणले. त्यांची जागा पुढे यंत्रमागांनी घेतली आणि १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर गिरण्यांचे बरेच विणकाम इकडे सरकले. आज शहरातील यंत्रमाग लाखांत मोजले जातात. त्यांत धोट्याचे साधे माग पुष्कळ आहेत. सूत बहुधा व्यापाऱ्याचे असते, कारखानदार ते जॉबवर विणून देतो. सायझिंगमध्ये ताण्याला खळ लागते, तयार बीम खात्यात येतो, एक कामगार चार-सहा माग सांभाळतो. तार तुटली की माग थांबवून गाठ मारायची, धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची. मजुरी विणलेल्या मीटरवर. खात्यातून बाहेर पडते ते न रंगवलेले, न धुतलेले ‘ग्रे’ कापड. ते मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमधील व्यापाऱ्यांमार्फत किंवा थेट सुरत, अहमदाबाद, बालोत्रा येथील प्रक्रिया कारखान्यांत जाते. त्याची चादर किंवा सदरा कुठे शिवला गेला आणि कोणत्या बंदरातून गेला, हे विणणाऱ्याला कळायचे कारण नसते. युरोपला माल पाठवणारा निर्यातदार बिलावर मूळ देशाचे निवेदन लिहितो. सहा हजार युरोंपेक्षा मोठ्या खेपेसाठी त्याला आधी नोंदणीकृत व्हावे लागते. शुल्कसवलतीचा कागद तो भरतो, लाभ तो आणि परदेशी खरेदीदार वाटून घेतात. भिवंडीचे नाव त्या कागदावर येत नाही.

अमेरिकेच्या योजनेत वस्त्रोद्योगाला कायद्यानेच बाहेर ठेवले आहे. अपवादात्मक हस्तव्यवसायाचे नमुने सोडले तर बहुतेक कापड, कपडे आणि पादत्राणे तिथे सवलतीला पात्र नाहीत, कारण त्या उद्योगांतील अमेरिकी मतदार आणि त्यांचे प्रतिनिधी योजनेच्या जन्मापासून जागे होते. म्हणजे गरीब देशाला ज्या मालात खरी धमक असते नेमका तोच वगळून सवलत दिलेली. तरीही अमेरिकी आढाव्याची रीत इथे सांगणे आवश्यक आहे, कारण भारताविरुद्धचा सर्वांत गाजलेला निर्णय तिथला आहे. कोणतीही अमेरिकी संघटना व्यापार प्रतिनिधी कार्यालयाकडे अर्ज करू शकते. अर्ज दाखल झाला की सूचना प्रसिद्ध होते, वॉशिंग्टनमध्ये जाहीर सुनावणी होते, आंतरखात्यीय समिती शिफारस करते आणि अखेरचा शब्द राष्ट्राध्यक्षांचा असतो. कसोट्यांत बाजारप्रवेश, बौद्धिक संपदेचे रक्षण आणि १९८४ च्या दुरुस्तीने आलेले कामगारहक्क हे मुद्दे येतात. १९९२ मध्ये पेटंट कायद्याच्या वादातून भारतीय औषधे व रसायनांच्या सुमारे सहा कोटी डॉलरच्या व्यापारावरची सवलत काढून घेण्यात आली होती.

एप्रिल २०१८ मध्ये भारताच्या पात्रतेचा पुन्हा आढावा सुरू झाला. अर्जदार होते अमेरिकी दूध उत्पादकांच्या व निर्यातदारांच्या संघटना आणि वैद्यकीय उपकरण उत्पादकांची संघटना. दूधवाल्यांचे म्हणणे असे की, ज्या गाईंना प्राणिजन्य खाद्य दिलेले नाही त्यांच्याच दुधाचे पदार्थ आणा, ही भारताची अट अन्यायकारक आहे. उपकरणवाल्यांचा राग फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटवर आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या रोपणावर घातलेल्या किंमतमर्यादेवर होता. ४ मार्च २०१९ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हेतू जाहीर केला आणि ५ जून २०१९ पासून भारत लाभार्थी यादीतून बाहेर पडला. तेव्हा भारत या योजनेचा सर्वांत मोठा लाभार्थी होता. सुमारे ५६० कोटी डॉलरच्या निर्यातीवर वाचणारे शुल्क जेमतेम १९ कोटी डॉलर आहे, असे भारताच्या वाणिज्य खात्याने त्या वेळी सांगितले. स्टेंट आणि दूध यांच्या भांडणात फटका बसला तो रसायने, चामड्याच्या बॅगा, हस्तकला अशा वस्तू बनवणाऱ्यांना. यंत्रमागाला त्याची झळ लागली नाही, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखे काही नव्हतेच. अमेरिकेच्या या योजनेची मुदत ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली आणि त्यानंतर तिचे नूतनीकरण रखडले.

युरोपीय संघाची रीत अधिक कोरडी, पण भिवंडीच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. १ जानेवारी २०१४ पासून लागू असलेल्या विनियमात तीन पायऱ्या आहेत. साध्या सवलतीत कापडावर आणि कपड्यांवर नेहमीच्या शुल्काच्या एक पंचमांश सूट मिळते. मानवाधिकार, कामगार, पर्यावरण व सुशासन यांविषयीचे २७ आंतरराष्ट्रीय करार मान्य करून पाळणाऱ्या दुबळ्या अर्थव्यवस्थांना ‘जीएसपी प्लस’खाली बहुतेक मालावर पूर्ण माफी मिळते. अतिअविकसित देशांना २००१ पासून शस्त्रे सोडून सर्व काही शुल्कमुक्त आहे. देश उच्च-मध्यम उत्पन्न गटात सलग तीन वर्षे राहिला की बाहेर पडतो. त्याखेरीज मालाच्या विभागानुसारही छाटणी होते : सर्व लाभार्थी देशांकडून युरोपात येणाऱ्या त्या विभागातील मालात एका देशाचा तीन वर्षांचा सरासरी वाटा मर्यादेपलीकडे गेला की त्या देशाच्या त्या विभागाची सवलत बंद. वस्त्रांसाठी २०१५ पासून ही मर्यादा ४७.२ टक्के आहे, इतर बहुतेक मालासाठी ५७ टक्के.

सूत आणि कापडाच्या विभागात भारत २०१४ पासून या छाटणीत सापडलेला आहे. म्हणून भिवंडीसारख्या ठिकाणचे सुती कापड थेट युरोपला गेले तर त्यावर पूर्ण ८ टक्के शुल्क पडते. सवलत असती तर ते ६.४ टक्के पडले असते. या हिशोबात एक खोच आहे. चीन आणि इतर मोठे निर्यातदार २०१५ मध्ये यादीतून गेले, तेव्हा वर्गातली थोरली मुले उत्तीर्ण होऊन गेल्यावर उरलेल्यांतला मधला एकदम उंच दिसावा तशी भारताची गत झाली. छेद लहान झाला की टक्का वाढतो. म्हणूनच मर्यादाही त्या वेळी वर न्यावी लागली. शिवाय ही मोजणी देशाची होते. दक्षिणेतल्या मोठ्या सूतगिरण्यांची निर्यात आणि भिवंडीत जुन्या मागावर विणलेला ग्रे तागा एकाच बेरजेत जातात, आणि बलवान निर्यातदाराला लावलेला निकष कर्जात बुडालेल्या माग-मालकालाही लागू होतो. आपल्या मते या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष हाच.

आता फिर्यादीची गोष्ट. अमली पदार्थांविरुद्ध लढणाऱ्या बारा देशांना युरोपने खास शुल्कमाफी दिली होती. अकरा देश लॅटिन अमेरिकेतले. बारावा पाकिस्तान, ज्याला २००२ पासून तीत घेण्यात आले. पाकिस्तानी चादरी, कापड व कपडे त्यामुळे युरोपात बिनशुल्क जाऊ लागले. भारताने मार्च २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. अपील मंडळाने ७ एप्रिल २००४ रोजी निर्णय दिला : देशादेशांत फरक करायला हरकत नाही, पण तो विकासाच्या खऱ्या गरजेवर आणि सर्वांना उघड असलेल्या निकषांवर आधारलेला हवा, बारा नावांची बंद यादी चालणार नाही. भारत खटला जिंकला. मात्र निर्णयाने दाखवलेल्या वाटेनेच युरोपने निकषांवर आधारित जीएसपी प्लस उभी केली. दुबळ्या अर्थव्यवस्थेची व्याख्या करणारी वाट्याची मर्यादा पुढे १ वरून २ टक्के झाली आणि १ जानेवारी २०१४ पासून पाकिस्तान त्याच दारातून परत आत आला. प्लस गटाला विभागवार छाटणीही लागू नाही. फैसलाबादची चादर शून्य शुल्काने जाऊ लागली, भारतीय चादरीवर नंतरची अनेक वर्षे ९.६ टक्के भरावे लागले. चादरीचे कापड विणणाऱ्या भिवंडीत निकाल जिंकल्याचा आनंद कोणाला झाला असेल असे वाटत नाही.

प्लस गटाचा आढावा सतत चालतो आणि त्याला दात आहेत. श्रीलंकेने ऑगस्ट २०१० मध्ये मानवाधिकारांच्या मुद्द्यावर ही सवलत गमावली आणि मे २०१७ मध्ये परत मिळवली. प्लस गटाबाहेरही, अतिअविकसित गटातल्या कंबोडियाची सवलत ऑगस्ट २०२० मध्ये अंशतः काढली गेली. बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. दोन महिन्यांत अमेरिकेने त्या देशाची जीएसपी थांबवली. पण तिथेही कपडे मुळात योजनेबाहेर असल्याने शिवणयंत्रांवर परिणाम नाममात्र झाला. युरोपने, जिथे कपडे बिनशुल्क जात होते, सवलत चालू ठेवली.

कामगारहक्कांची कसोटी भिवंडीला लावली तर चित्र सोपे नाही. बारा तासांची पाळी, मीटरवरची मजुरी, हजेरीपटावर नाव नसणे आणि एकाच छताखालचे माग घरातल्या वेगवेगळ्या नावांवर दाखवून १९४८ च्या कारखाना कायद्यातली मूळची दहा कामगारांची अट चुकवणे, हे यंत्रमागाच्या अभ्यासकांना जुने आहे. भारताची अमेरिकेतली सवलत यावरून कोणी काढली नाही. ती दुधावरून आणि स्टेंटवरून गेली.

भारत स्वतःही देणारा आहे आणि इथे भिवंडीचा संबंध थेट येतो. अतिअविकसित देशांसाठी भारताची शुल्कमुक्त योजना २००८ मध्ये जाहीर झाली. बांगलादेशाला साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली मिळणारी सवलत सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या ढाका भेटीत ४६ वस्त्रप्रकारांनी वाढली आणि वर्षअखेरपर्यंत बहुतेक कपडे बिनशुल्क झाले. देशी कापड उद्योगाची तेव्हापासूनची तक्रार अशी की, चिनी कापड ढाक्यात शिवून भारतात बिनशुल्क उतरते आणि त्या प्रत्येक सदऱ्यामागे इथल्या मागाचे काही मीटर कमी होतात. २१ सप्टेंबर २०२० पासून सीमाशुल्क खात्याने मूळ देशाच्या दाखल्याबाबत आयातदारावरच पुराव्याची जबाबदारी टाकली. १७ मे २०२५ रोजी बांगलादेशी तयार कपड्यांना भूमार्ग बंद करून फक्त कोलकाता व न्हावा शेवा ही बंदरे खुली ठेवण्यात आली. हा निर्णय राजकीय ताणातून आला, पात्रतेच्या आढाव्यातून नव्हे.

अतिअविकसित देशांच्या यादीतून बांगलादेश बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली आणि त्यानंतर तीन वर्षे युरोप जुनी सवलत चालू ठेवतो. दरम्यान भारताने करारांची वाट धरली आहे : संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाशी झालेला डिसेंबर २०२२ पासून लागू आहे, ब्रिटनशी करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. युरोपीय संघाच्या २०१४ पासूनच्या जीएसपी विनियमाची मुदत २०२३ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२७ करण्यात आली.