एक्सोसोमची ओळख कशी पटवतात?

मेळघाटासह विदर्भाच्या अनेक भागांत सिकलसेल या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आढळतात. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांचे प्रमाण वाढलेले असते. निरोगी शरीरातील पेशीही आवरणाच्या तुकड्यात प्रथिने आणि आरएनए गुंडाळून अशा पिशव्या बाहेर सोडत असतात. शास्त्रीय परिभाषेत त्या ‘बाह्यपेशीय पुटिका’ होत. २०० नॅनोमीटरहून लहान पुटिकांना ‘लघु’ म्हटले जाते. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर.

त्यांचा शोधही तांबड्या पेशींतच लागला. अमरावती विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, १९८३ मध्ये, कॅनडातील रोझ जॉनस्टोन आणि अमेरिकेतील फिलिप स्टाल यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे एक गोष्ट टिपली. कोवळी तांबडी पेशी परिपक्व होताना लोह आत घेण्यासाठी लागणारे ‘ट्रान्सफेरिन रिसेप्टर’ हे प्रथिन पुटिकांत भरून बाहेर टाकते. पेशीच्या अंतर्भागात तयार होणाऱ्या या पुटिकांना पुढे ‘एक्सोसोम’ हे नाव मिळाले. बराच काळ त्यांना पेशीचा केरकचराच समजले जाई.

साध्या सूक्ष्मदर्शकातून त्या नीट ओळखता येत नाहीत. त्यामुळे नमुना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक लाख पट बलाने फिरवून पुटिका वेगळ्या काढतात आणि ‘वेस्टर्न ब्लॉट’ चाचणीने त्यांतील प्रथिने तपासतात. आवरणावर सीडी-९, सीडी-६३, सीडी-८१ आणि आत टीएसजी-१०१ किंवा ॲलिक्स सापडले, तर पुटिका असल्याचा पुरावा मिळतो. मात्र कोणतेही एक प्रथिन सर्व पुटिकांची हमखास खूण ठरत नाही. पुटिका तांबड्या पेशीतून आली काय, हे पाहण्यासाठी ग्लायकोफोरिन-ए शोधावे लागते.

काय सापडू नये, हा प्रश्न तितकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा. कॅलनेक्सिन हे पेशीच्या आतील जाळीतच राहणारे प्रथिन. ते लघु पुटिकांच्या नमुन्यात ठळकपणे दिसले, तर फुटलेल्या पेशींचे अवशेष मिसळल्याची शंका घ्यावी. रक्तातील अल्ब्युमिन आणि मेदकणांवरील अपोलिपोप्रोटीन हेही भेसळीचे निदर्शक होत. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४, २०१८ आणि २०२३ च्या मार्गदर्शिकांत अशा दुहेरी तपासणीचा आग्रह धरला आहे.

त्वचा आणि केसांच्या उपचारांच्या जाहिरातींमुळे ‘एक्सोसोम’ हा शब्द आता शहरांत परिचित होत आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्येच अशा उपचारांबाबत इशारा दिला होता. तेव्हा तेथे एकाही एक्सोसोम उत्पादनास मान्यता नव्हती. कुपीवर छापलेल्या ‘अब्जावधी कणां’च्या आकड्यावर विसंबू नये. कण मोजणारे नेहमीचे यंत्र पुटिका आणि त्याच आकाराचा मेदकण यांत भेद करीत नाही.